विकता न येणारी जमीन

१८७५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वायव्येकडचं एक कुरण वाचवण्यासाठी काही आठवड्यांत आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली, आणि तरीही ते कुरण गेलं. स्विस कॉटेज फील्ड्स हे त्याचं नाव. मॅरिलबोनच्या कोंदट गल्ल्यांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांना चालत जाता येईल असं ते सर्वांत जवळचं हिरवं रान होतं. मालकांनी दहा हजार पौंड किंमत सांगितली होती. वर्गणी भराभर येत होती, थोडेच पैसे कमी होते, आणि त्याच वेळी मालकांनी बोलणी मोडून जमीन बांधकामासाठी देऊन टाकली. आज तिथे घरांच्या रांगा आहेत.

ही वर्गणी जमवणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल यांच्या मनाला तो पराभव फार लागला. पुढे वीस वर्षांनी जी संस्था उभी राहिली आणि जी आज जगातल्या सर्वांत मोठ्या वारसा-संस्थांपैकी एक आहे, त्या नॅशनल ट्रस्टचं मूळ या फसलेल्या मोहिमेत सापडतं. जुन्या वास्तूंवर आणि निसर्गावर प्रेम करणारी माणसं इंग्लंडमध्ये तेव्हाही पुष्कळ होती. त्या प्रेमाला कायद्याने उभं राहायला जागा नव्हती. ट्रस्टच्या संस्थापकांनी ती जागा तयार केली. त्यांचं खरं मोठेपण त्यातच आहे.

ऑक्टेव्हिया यांचा जन्म १८३८ चा, विस्बिच गावचा. त्या लहान असतानाच धान्याचा व्यापार करणाऱ्या वडिलांचं दिवाळं निघालं आणि त्यांची मनःस्थितीही ढासळली. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतले बिनीचे माणूस, त्यांनी या कुटुंबाला आधार दिला. चौदाव्या वर्षी ऑक्टेव्हिया खेळणी बनवणाऱ्या गरीब मुलींच्या कामावर देखरेख करू लागल्या. त्या मुली कुठे राहतात, काय खातात, हे त्यांनी तेव्हाच जवळून पाहिलं. लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यासाठी त्या चित्रांच्या नकलाही करत. १८६५ मध्ये रस्किन यांनी मॅरिलबोनमधल्या पॅरडाइज प्लेस या वस्तीतली तीन घरं ७५० पौंडांना भाडेपट्ट्याने घेऊन ऑक्टेव्हियांच्या हाती सोपवली. अट एकच होती: गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. तसा परतावा मिळतो असं दिसलं तर इतर लोकही अशा कामात पैसे घालतील, असं रस्किन यांचं म्हणणं होतं.

ऑक्टेव्हिया दर आठवड्याला स्वतः भाडं गोळा करायला जात. भाडं वेळेवर घ्यायचं, उरलेल्या पैशातून नळ, जिना, छप्पर दुरुस्त करायचं, आणि आधी काय दुरुस्त करायचं ते भाडेकरूंनाच विचारायचं, अशी पद्धत. हे काम करायला त्यांनी अनेक स्त्रिया तयार केल्या. त्यांच्या सगळ्याच मतांशी आज सहमत होता येणार नाही. वृद्धांना सरकारी पेन्शन देण्याला त्यांचा विरोध होता, स्त्रियांच्या मताधिकारालाही होता. पण एका खोलीत सहा-सात माणसं राहत असतील तर त्यांना घराबाहेर बसायला मोकळी जागा हवीच, हे त्यांना भाड्याची पावती फाडता फाडता कळलं होतं. म्हणून कुरणांचा आणि बागांचा प्रश्न त्यांच्या लेखी घरांच्या प्रश्नाचाच भाग होता.

दुसरे संस्थापक रॉबर्ट हंटर. या माणसाची छायाचित्रं कमी, आख्यायिका त्याहून कमी. वकील, शांत, कागदपत्रांत बुडालेला. ट्रस्टच्या कथेत त्यांना सहसा दोन ओळींत उरकलं जातं, आणि हा अन्याय आहे.

त्या काळी इंग्लंडमधली गायरानं झपाट्याने नाहीशी होत होती. जमीनदार कुंपण घालत, गावकऱ्यांचे गुरं चारण्याचे आणि सरपण तोडण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क बुडत. त्याविरुद्ध लढायला १८६५ मध्ये कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन झाली होती. १८६६ च्या मार्चमध्ये बर्कमस्टेडच्या गायरानावर एका सरदार घराण्याने लोखंडी कुंपण उभारलं, तेव्हा सोसायटीच्या एका सभासदाने लंडनहून मध्यरात्री खास रेल्वेगाडी सोडून सव्वाशेच्या आसपास मजूर नेले आणि उजाडेपर्यंत दोन मैलांच्या वर कुंपण उखडून व्यवस्थित रचून ठेवलं. हे शौर्य पाहायला सकाळी अख्खा गाव लोटला. पण कुंपण पाडणं एका रात्रीचं काम, ते पुन्हा उभं राहू न देणं अनेक वर्षांचं. तो दुसरा भाग सोसायटीच्या हंटर यांच्यासारख्या वकिलांनी केला. बर्कमस्टेडचा खटला सोसायटीने १८७० मध्ये जिंकला. त्याहून मोठा एपिंग जंगलाचा खटला. लंडन महापालिकेच्या मालकीची थोडी जमीन त्या जंगलालगत होती, त्यामुळे महापालिकेलाही चराईचा हक्क होता. जंगल एक आहे, तर चराईचा हक्कही साऱ्या जंगलावर आहे, आणि म्हणून जिथे जिथे कुंपण पडलं तिथे तो हक्क मोडला, असा युक्तिवाद झाला. १८७४ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, १८७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि हजारो एकर जंगल लोकांना मोकळं राहिलं.

या लढायांतून हंटर यांना एक मोठी उणीव दिसली. सोसायटी खटले लढू शकत होती, पण जमिनीची मालक होऊ शकत नव्हती. गावकऱ्यांचे जुने हक्क जिथे सिद्ध होतील तिथेच तिचा जोर चाले. ज्या बागेवर किंवा वाड्यावर कोणाचाच चराईचा हक्क नाही, तिथे ती हतबल होती. १८८४ मध्ये डेटफर्डच्या सेज कोर्ट या जागेचा मालक, सतराव्या शतकातले प्रसिद्ध रोजनिशीकार जॉन एव्हलिन यांचा वंशज, ती ऐतिहासिक बाग लोकांना द्यायला तयार झाला. त्याने ऑक्टेव्हियांना विचारलं, आणि ती जागा कायमची स्वीकारू शकेल अशी एकही संस्था देशात नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका परिषदेत हंटर यांनी प्रस्ताव मांडला: सार्वजनिक हितासाठी जमीन आणि इमारती स्वतःच्या मालकीने ठेवणारी एक कंपनी नोंदवावी. ऑक्टेव्हियांनी पत्रातून नाव सुचवलं, ‘कॉमन्स अँड गार्डन्स ट्रस्ट’. त्या पत्रावर हंटर यांनी पेन्सिलने दोन शब्द लिहिले: ‘नॅशनल ट्रस्ट’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह दहा वर्षं तसंच राहिलं.

त्याला धक्का दिला तो हार्डविक रॉन्सली या पाद्रीबुवांनी. हे तिसरे संस्थापक स्वभावाने हंटर यांच्या अगदी उलटे होते. मोठ्या आवाजाचे, रागीट, सतत वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारे, प्रत्येक प्रसंगावर सुनीतं रचणारे. तरुणपणी लंडनच्या गरीब वस्तीत काम करताना ते खचले, तेव्हा विश्रांतीसाठी उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेले आणि तिथलेच झाले. १८८३ मध्ये डोंगरातल्या खाणींतली स्लेट वाहून नेण्यासाठी तिथल्या दरीतून रेल्वे काढण्याचा बेत होता. रॉन्सलींनी देशभर ओरड केली आणि तो मागे घ्यायला लावला. तिथे सुट्टीला आलेल्या एका श्रीमंत कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या लाजाळू मुलीशी त्यांची ओळख झाली. तिचं नाव बिएट्रिक्स पॉटर. पुढे ती मुलांच्या गोष्टींची जगप्रसिद्ध लेखिका झाली, आणि पुस्तकांच्या पैशातून एकेक शेत विकत घेत गेली. १९४३ मध्ये ती वारली तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन तिने ट्रस्टला ठेवली होती, त्या भागातल्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांचे कळप चालू ठेवण्याची तजवीजही केली होती.

१८९३ मध्ये सरोवरांच्या त्या प्रदेशातल्या काही देखण्या जागा विक्रीला निघाल्या. रॉन्सली लंडनला धावले, ऑक्टेव्हिया आणि हंटर यांना भेटले, आणि पेन्सिलने लिहिलेलं नाव पुन्हा टेबलावर आलं. १२ जानेवारी १८९५ रोजी कंपनी कायद्याखाली नॅशनल ट्रस्टची नोंदणी झाली. ऑक्टेव्हियांचा गरिबांशी आलेला रोजचा संबंध, हंटर यांचा कायदा आणि रॉन्सलींचा आवाज, यांतलं एक जरी नसतं तरी ही संस्था झाली नसती.

पहिली जमीन काही महिन्यांतच मिळाली. वेल्सच्या बार्मथ गावावरचा डिनास ऑलाय हा साडेचार एकरांचा खडकाळ उतार फॅनी टॅलबट या बाईंनी दान दिला. पुढच्या वर्षी पहिली इमारत: ससेक्समधल्या ॲल्फ्रिस्टन गावातलं चौदाव्या शतकातलं घर. लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती, गवताने शाकारलेलं छप्पर, आणि पडायला आलेलं. किंमत दहा पौंड. दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट खर्च आला, आणि तो जमवताना ऑक्टेव्हियांना पुष्कळ दारं ठोठावावी लागली. आज त्या घराच्या दिवाणखान्याची जमीन चुनखडीची आहे, ठोकून घट्ट केलेली आणि वर आंबट दुधाचा हात दिलेली. ही जुनी रीत तिथे मुद्दाम जपली आहे.

जुन्या घराची दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न तोवर इंग्लंडमध्ये चांगलाच तापलेला होता. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये त्याच कारणाने प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची स्वतंत्र संस्था काढली होती. तेव्हाचे वास्तुविशारद जुन्या चर्चचा ‘जीर्णोद्धार’ करताना शतकानुशतकांचा गिलावा खरवडून काढत, नंतरच्या काळात घातलेली भर पाडत आणि मूळ इमारत कशी असावी याच्या स्वतःच्या कल्पनेने नवीन बांधत. ट्यूक्सबरीच्या मठात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे काम करणार असं कळल्यावर मॉरिस यांनी एका नियतकालिकाला खरमरीत पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात संस्था उभी राहिली. रोजची निगा राखा, गळणारं छप्पर वेळेवर दुरुस्त करा, पण बनावट जुनेपणा उभा करू नका, हा तिचा आग्रह. मराठी वाचकाला स्कॉट परके नाहीत. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा त्यांचाच, तोही मुंबईत पाऊल न टाकता केलेला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला तो मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, म्हणजे मॉरिस स्कॉटवर तुटून पडले त्याच सुमाराला. नवीन बांधणारे म्हणून थोर असलेले स्कॉट जुन्या इमारतींच्या बाबतीत घातक ठरत होते, हा मॉरिस यांचा आरोप होता.

ॲल्फ्रिस्टनच्या दुरुस्तीत ट्रस्टने मॉरिस यांच्या संस्थेचाच सल्ला घेतला. १८९९ मध्ये दलदलीतली दोन एकर जागा दहा पौंडांना घेतली, तिचं नाव विकन फेन. फुलपाखरं, कीटक आणि पाणवनस्पती यांच्यासाठी राखलेली ही ट्रस्टची पहिली जागा. १९०२ मध्ये डरवेंटवॉटर सरोवराकाठची ब्रँडलहाउची १०८ एकर जमीन घेण्यासाठी साडेसहा हजार पौंड पाच महिन्यांत जमले, आणि त्यात कारखान्यातल्या कामगारांनी पाठवलेली शिलिंगंही होती.

पण कंपनी कायद्याखाली नोंदवलेली संस्था उद्या बुडाली, किंवा तिच्या पुढच्या कार्यकारिणीला पैशाचा मोह पडला, तर? हंटर यांच्यातला वकील इथे पुन्हा कामाला लागला. १९०७ मध्ये पार्लमेंटने नॅशनल ट्रस्टसाठी खास कायदा केला. त्यानुसार ट्रस्ट आपली एखादी मालमत्ता ‘अहस्तांतरणीय’ म्हणून जाहीर करू शकतो. एकदा तसं जाहीर झालं की ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, ट्रस्टलाही नाही. सरकारला ती सक्तीने हवी असेल आणि ट्रस्टने हरकत घेतली, तर प्रकरण पार्लमेंटसमोरच न्यावं लागतं. संस्थेने स्वतःचेच हात बांधून घ्यावेत, आणि तेही कायमचे, ही कल्पना विलक्षण होती. देणगीदाराच्या मनातली सर्वांत मोठी भीती तिने संपवली.

या तरतुदीची कसोटी वेळोवेळी लागली. प्लिमथजवळच्या सॉल्ट्रम उद्यानातून बायपास काढायचं ठरलं तेव्हा ट्रस्ट पार्लमेंटपर्यंत लढला आणि हरला. हाइंडहेडची हकिकत मात्र वेगळी, आणि ती हंटर यांच्या दाराशी घडलेली. त्यांच्या हेझलमेर गावाजवळचं हे माळरान व्हिटेकर राइट नावाच्या भांडवलदाराच्या ताब्यात होतं. १९०४ मध्ये फसवणुकीबद्दल शिक्षा होताच त्याने न्यायालयाच्या इमारतीतच विष घेतलं, आणि त्याची मालमत्ता लिलावात निघाली. हंटर आणि गावकरी यांनी पैसे जमवून माळरान घेतलं आणि ट्रस्टला दिलं. लंडनहून पोर्ट्समथला जाणारा हमरस्ता त्यातून जात होता, आणि वाहनं वाढली तशी तिथे रोजची कोंडी होऊ लागली. रस्ता रुंद करायचा तर माळरान कापावं लागणार होतं. शेवटी टेकडीखालून अठराशे मीटरहून अधिक लांबीचा बोगदा खणला गेला. २०११ मध्ये तो सुरू झाला, वरचा जुना डांबरी रस्ता उखडला, आणि दोन तुकड्यांत विभागलेलं माळरान पुन्हा एक झालं.

ऑक्टेव्हिया १९१२ मध्ये गेल्या, हंटर १९१३ मध्ये, रॉन्सली १९२० मध्ये. त्यांच्यामागे ट्रस्टने जे वळण घेतलं ते त्यांना कितपत रुचलं असतं, हा प्रश्न उरतो.

१८९४ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या इस्टेटींवर मृत्युकर बसला आणि पुढे तो वाढतच गेला. दोन महायुद्धांत वारस मारले गेले, नोकरचाकर मिळेनासे झाले, शेतीचं उत्पन्न घटलं. विसाव्या शतकात शेकडो खानदानी वाडे पाडले गेले. १९३४ मध्ये लॉर्ड लोथियन यांनी ट्रस्टच्या वार्षिक सभेत सुचवलं की हे वाडे, त्यांतली चित्रं, सामान आणि भोवतालच्या जमिनीसह ट्रस्टने सांभाळावेत. हे तेच लोथियन, ज्यांच्या अध्यक्षतेखाली १९३२ मध्ये भारतात मताधिकार समिती फिरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सभासद होते आणि त्यांनी आपलं वेगळं टिपण तिला जोडलं होतं. १९३७ च्या कायद्याने लोथियन यांची सूचना अमलात आली. मालकाने वाडा द्यायचा, सोबत त्याच्या देखभालीसाठी कायम निधी किंवा उत्पन्नाची जमीन द्यायची, बदल्यात कुटुंबाला तिथे राहता येईल आणि ठरावीक दिवशी लोकांना आत येता येईल. लोथियन १९४० मध्ये अमेरिकेत राजदूत असताना वारले, आणि त्यांचा स्वतःचा ब्लिकलिंग हॉल या योजनेखाली ट्रस्टकडे आला.

या योजनेने अनेक अप्रतिम इमारती वाचल्या, यात शंका नाही. पण गरिबांना मोकळी हवा मिळावी म्हणून निघालेली संस्था बराच काळ सरदारांच्या दिवाणखान्यांची राखणदार म्हणून ओळखली गेली, हेही खरं आहे. त्याच दशकात फर्ग्युसन्स गँग नावाची तरुणींची टोळी मात्र साध्या इमारतींसाठी धडपडत होती. ‘बिल स्टिकर्स’, ‘रेड बिडी’, ‘ब्लडी बिशप’ अशी टोपणनावं घेऊन, तोंडाला मुखवटे लावून त्या ट्रस्टच्या कार्यालयात नोटा आणि नाण्यांच्या थैल्या आणून टाकत. शॅलफर्डची पाणचक्की त्यांनीच वाचवली, आइल ऑफ वाइटवरचं न्यूटाउनचं जुनं नगरभवनही. त्यांच्या म्होरक्या पेगी पोलार्ड केंब्रिजला संस्कृत शिकलेल्या होत्या.

गेल्या काही दशकांत ट्रस्टचा तोल पुन्हा संस्थापकांच्या बाजूला झुकला. १९६५ मध्ये समुद्रकिनारे विकत घेण्याची मोहीम सुरू झाली, आणि आज सातशे मैलांहून अधिक किनारा त्याच्याकडे आहे. बर्मिंगहॅममधली पाठीला पाठ लावून बांधलेली कामगारांची घरं, साउथवेलचं गरिबांचं आश्रयगृह, लिव्हरपूलमधलं पॉल मॅकार्टनीचं लहानपणीचं साधं सरकारी घर, हेही वारशात आलं. १९८१ मध्ये दहा लाख असलेली सभासदसंख्या आता पन्नास लाखांच्या पुढे गेली आहे.

वाडे सांभाळायचे तर ते बांधायला पैसा कुठून आला हेही सांगावं लागतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ट्रस्टने आपल्या ९३ जागांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूही त्यांत आहे. मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंग यांचं ससेक्समधलं बेटमन्स हे घरही ट्रस्टकडेच आहे. अहवालावर काही सभासद आणि खासदार संतापले, तक्रार धर्मादाय आयोगाकडे गेली, आणि आयोगाने ट्रस्टने कायदा मोडलेला नाही असं सांगितलं. अहवाल काढणं योग्यच होतं. भिंतीवरचं चित्र जपायचं आणि ते कोणाच्या श्रमावर विकत घेतलं ते लपवायचं, हे जतन अपुरं आहे.

भारतात अशा कामासाठी इंटॅक ही संस्था १९८४ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. केंद्र सरकारचं पुरातत्त्व खातं देशातली सुमारे ३,७०० स्मारकं सांभाळतं. त्या यादीबाहेर राहिलेले वाडे, घाट, बाजारपेठा, विहिरी यांचं काय, हा इंटॅकचा विषय. पण तिची रचना हंटर यांच्या ट्रस्टसारखी नाही. ती बहुधा मालक नसते, सल्लागार किंवा भागीदार असते. मुंबईच्या भायखळ्यातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय हे त्याचं ठळक उदाहरण. १८७२ ची ही इमारत महापालिकेची. महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांच्यात २००३ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली छत, ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी, काच आणि फरशा दुरुस्त झाल्या. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा सर्वोच्च आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांना खुलं झालं. काम उत्तम, पण ते करारावर उभं आहे, आणि कराराला मुदत असते. १९०७ सारखी कायमची तरतूद इंटॅकच्या हाती नाही.

एका बाबतीत मात्र इंटॅकने इंग्लंडची वाट सोडून स्वतःची धरली. तिने २००४ मध्ये स्वीकारलेल्या सनदेत मॉरिस यांच्या निर्बंधाला अपवाद आहे. जिथे स्थपती, राजमिस्त्री, सुतार आणि शिल्पी यांची परंपरा अजून जिवंत आहे, तिथे झिजलेला भाग त्याच पद्धतीने, त्याच साहित्यात नव्याने घडवायला ती मान्यता देते, आणि त्यासाठी जीर्णोद्धाराची आपली जुनी रीत ग्राह्य धरते. मॉरिस यांना राग होता तो स्कॉटच्या कागदावरच्या कल्पनांचा, कारण त्यांच्या मते इंग्लंडमधल्या गवंड्याच्या हातातली मध्ययुगीन कला तोवर संपली होती. चुन्याचा घाणा अजून फिरतो, देवळाचं काम अजून शिल्पी पिढीजात शिकतात, अशा देशाने तोच नियम जसाच्या तसा का पाळावा, असा या सनदेचा सवाल आहे, आणि त्यावर जतनकारांमध्ये आजही वाद चालू आहे.